डीनच्या नावापुढचा कंस : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
तथा प्र-कुलपती, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील अधिष्ठाता पदाच्या 'अतिरिक्त कार्यभारा'बाबत.

महोदय,

विषय लिहिल्याशिवाय पत्राला हात घालता येत नाही, इतकी वर्षं सरकारी नोकरीत गेली. 'संदर्भ' मात्र गाळते आहे. संदर्भ म्हणून जोडावीत ती माझी जुनी स्मरणपत्रं आपल्याच विभागाच्या एखाद्या कपाटात असतील, आणि ती शोधायला आता कुणाला लावायचं?

मी भूलशास्त्राची प्राध्यापक. राज्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून निवृत्त झाले. निवृत्तीच्या आधीचे चौदा महिने तिथल्या डीनच्या खुर्चीत होते. डीन होते असं म्हणत नाही, कारण कागदोपत्री मी 'प्राध्यापक व विभागप्रमुख, भूलशास्त्र, तथा अधिष्ठाता (अतिरिक्त कार्यभार)' होते. हा शिक्का इतका लांबलचक झाला की सर्टिफिकेटवरच्या चौकटीत मावेना. शेवटी क्लार्कने 'अधिष्ठाता (प्र.)', म्हणजे प्रभारी, असा आखूड करून आणला.

ऑर्डर आली त्या संध्याकाळी मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, होते. सिझेरियनची केस, बाईचं बीपी घसरत होतं. आस्थापना विभागातले एक बाबू दारातूनच म्हणाले, "मॅडम, अभिनंदन." मी मॉनिटरवरची नजर न काढता म्हटलं, "पाच मिनिटं थांबा." बाई आणि बाळ दोघंही सुखरूप वॉर्डात गेली. मग मोबाईलवर पीडीएफ बघितली. 'पुढील आदेश होईपर्यंत.' ते पुढचे आदेश मी निवृत्त झाले तरी आले नाहीत. माझ्या जागी दुसऱ्या एका विभागप्रमुखांना तशीच पीडीएफ आली.

आमच्या शास्त्रात चार्ज देण्याघेण्याची एक शिस्त आहे, ती आधी सांगते. केस अर्ध्यावर असताना भूलतज्ज्ञ बदलायची वेळ आलीच, तर जुना माणूस नव्याला सगळं सांगितल्याखेरीज टेबलाची डोक्याकडची जागा सोडत नाही. कुठलं औषध किती वाजता किती दिलं, रक्त किती गेलं, किती चढवलं, लघवी किती झाली, नळी घालताना त्रास झाला का, पेशंटचा पुढचा दात हलतोय का. हलणारा दात सांगायचा राहिला आणि तो घशात गेला, तर पुढच्या माणसावर काय वेळ येईल हे आम्हाला शिकाऊ असल्यापासून माहीत असतं.

डीनचा चार्ज मला एका पानावर मिळाला. 'दिनांक ३१ रोजी मध्यान्होत्तर कार्यभार सुपूर्द केला', 'स्वीकारला', खाली दोन सह्या. सोबत किल्ल्यांचा जुडगा, त्यातल्या दोन किल्ल्यांची कुलुपं मला चौदा महिन्यांत सापडली नाहीत. नवव्या दिवशी ऑक्सिजन पुरवठादाराचं पत्र टेबलावर आलं : चार महिन्यांचं बिल थकलंय, टँकर पाठवणं अवघड आहे. आधीच्या डीनसाहेबांना फोन केला. ते बिचारे म्हणाले, "अहो, मी त्याला तोंडी सांभाळून घेत होतो. सांगायचं राहिलंच." मी त्यांना दोष देत नाही. तेही प्रभारीच होते, सात महिन्यांचे, आणि मूळचे हाडांचे डॉक्टर. त्यांनाही कुणी काही सांगितलं नव्हतं. हलणारा दात असा एका प्रभारीकडून दुसऱ्या प्रभारीकडे येत राहतो.

जागा रिकामी झाली, तातडीची सोय म्हणून कुणाला तरी कार्यभार दिला, असं मंत्रालयातून नेहमी सांगितलं जातं. साहेब, अचानक रिकामी होते ती जागा कुणी वारलं किंवा राजीनामा दिला तर. बाकी सगळ्यांच्या निवृत्तीची तारीख नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच ठरलेली असते. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर जन्मतारीख चढते, तिच्यात वर्षं मिळवली की उत्तर येतं. हे गणित आस्थापना विभागातला नवा लिपिकसुद्धा करतो. तरी प्रत्येक वेळी ३१ तारखेची दुपार उजाडते, शाल-श्रीफळ होतं, आणि संध्याकाळी मंत्रालयात शोधाशोध सुरू होते की आता ज्येष्ठ कोण आहे, कोण 'ऐकणारं' आहे.

हा दुसरा शब्द मी मुद्दाम लिहिला. आपल्याला राग येईल, पण चौदा महिने त्या खुर्चीत बसल्यावर माझं मत असं झालं आहे की प्रभारी डीन ही अडचण नसून सोय आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने सरकारी अधिकाऱ्याला एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत दिली आहे. त्याआधी हलवायचं तर कारण लिहावं लागतं, वर मान्यता घ्यावी लागते, आणि तो माणूस मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागायला जाऊ शकतो. प्रभारीला यातलं काहीच नाही. एका ओळीत कार्यभार दिला, एका ओळीत काढून घेतला. अमुक कंत्राटदाराला मुदतवाढ द्या, तमुक प्राध्यापकाची तक्रार दाबा, अशा फोनला 'नाही' म्हणण्याची त्याची ताकद किती असणार? मीही दोनदा गप्प बसले. कोणत्या दोन वेळा, ते इथे लिहीत नाही. माझं मला माहीत आहे.

आणि कार्यभार देताना ज्येष्ठता डावलली गेली की कॉलेजात काय होतं ते मंत्रालयातून दिसत नाही. वरचे दोन प्राध्यापक मीटिंगला यायचे थांबतात, रजेवर जातात. डीनने पाठवलेल्या फाईलवर 'पाहिले' एवढाच शेरा येतो. डीनही समजून घेतो, कारण पुढच्या महिन्यात त्यांच्यापैकीच कुणी त्याच्या जागी बसलेला असेल.

हे असंच चालत आलंय म्हणावं, तर तसंही नाही. परळचं शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालं, तेव्हा शिकवणारे सगळे भारतीयच असावेत अशी देणगीदारांची अट होती. डॉ. जीवराज मेहता तिथले पहिले डीन. १९२५ ते १९४२ असा जवळजवळ सगळा उभारणीचा काळ त्यांच्याकडे होता. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले, पण परळला त्यांची ओळख डीन म्हणूनच राहिली. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलचा जन्म १८४५ चा. तिथेही पहिले प्राचार्य चार्ल्स मोरहेड यांनी कॉलेज नुसतं सांभाळलं नाही, घडवलं. त्या काळाचे गोडवे गायचा माझा विचार नाही. तेव्हाच्या वॉर्डांतल्या मरणाचे आकडे आज बघवणार नाहीत. पण संस्था उभी करायला एका माणसाला वर्षं लागतात, एवढं तेव्हाच्या सरकारला आणि महापालिकेला कळत होतं. चौदा महिन्यांत मी काय केलं म्हणाल, तर कॅज्युअल्टीतला एक दरवाजा रुंद केला. स्ट्रेचर आणि नातेवाईक दोघंही त्यातून एकदम जाऊ शकतात. बाकी सह्या केल्या.

सह्यांबद्दल थोडं लिहायलाच हवं. सकाळी साडेआठला ओटी, कारण माझ्या विभागातली प्राध्यापकांची दोन पदं रिकामी होती आणि मी गेले नाही तर एक टेबल बंद पडायचं. साडेअकराला डीन ऑफिस. तोवर बाहेर बाकावर माणसं बसलेली : सर्टिफिकेटवर सही हवी असलेला बाप, संपाची नोटीस घेऊन आलेले मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेचे दोघे, होस्टेलला पाणी नाही म्हणून आलेल्या मुली, लिफ्टच्या देखभालीचा ठेकेदार, आणि अभ्यागत मंडळाचे एक सदस्य, ज्यांना फक्त चहा हवा असायचा. टेबलावर टपाल. शासनाचं पत्र 'आजच्या आज' माहिती मागणारं, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचं पत्र अध्यापकांच्या हजेरीबद्दल, फुले जन आरोग्य योजनेतले फेटाळलेले दावे, न्यायालयाचं समन्स, आणि एखादं निनावी पत्र. दुपारी तीनला व्हिडिओ कॉन्फरन्स. पाचला वॉर्डातून फोन.

यात २०१९ पासून नवा एमबीबीएस अभ्यासक्रम आला, क्षमताधारित. चांगला आहे. मुलाला हाताने काय करता येतं यावर त्यात भर आहे. पण तो राबवायला डीनने अभ्यासक्रम समितीत बसून, विभागाविभागांत भांडून वेळापत्रक बदलावं लागतं. मी त्या समितीच्या किती बैठकांना पूर्ण वेळ बसले, याचं प्रामाणिक उत्तर एक आहे. बाकी वेळा 'चालू द्या' म्हणून उठले.

सगळ्यात मजेची गोष्ट खरेदीची. माझ्या विभागात स्पायनलच्या पंचवीस नंबरच्या सुया संपल्या. विभागप्रमुख म्हणून मी अधिष्ठात्यांना मागणीपत्र लिहिलं. ते आवक-जावक होऊन दोन दिवसांनी अधिष्ठाता म्हणून माझ्यापुढे आलं. नियमाप्रमाणे मी त्यावर 'तपासून सादर करावे' असा शेरा मारून भांडारात पाठवलं. भांडारपालाने 'साठा निरंक' लिहून परत पाठवलं. पंधरा दिवसांनी विभागप्रमुख म्हणून मी अधिष्ठात्यांना स्मरणपत्र लिहिलं, थोडं कडक भाषेत. ते वाचून मला माझाच राग आला.

हसू येतं, पण यामागचं दुखणं खरं आहे. २०१७ मध्ये सरकारी रुग्णालयांची औषधखरेदी हाफकिन महामंडळाकडे एकवटली. ते जमलं नाही म्हणून २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण काढलं. एकत्र खरेदीने भाव कमी होतात, हे मला पटतं. पण औषध वेळेवर आलं नाही, तर नातेवाईक प्राधिकरणाच्या दारात जात नाहीत, डीनच्या केबिनमध्ये येतात. स्थानिक खरेदीची मुभा असते, पण तिच्यावर ऑडिटचा पॅरा, म्हणजे लेखी आक्षेप, निघतो, आणि तो पॅरा निवृत्तीनंतर पेन्शनच्या फाईलला चिकटतो. पूर्णवेळ डीन तीन वर्षं बसणार असेल, तर तो धोका पत्करून सुया विकत घेईल. पुढच्या महिन्यात उठणारा माणूस दुसऱ्याच्या काळासाठी आपली पेन्शन का अडकवेल?

नांदेड आपण विसरला नसाल. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या शासकीय रुग्णालयात अठ्ठेचाळीस तासांत एकतीस मृत्यू झाले, त्यातल्या पहिल्या चोवीस तासांतल्या चोवीस मृतांत बारा नवजात बाळं होती. दुसऱ्या दिवशी एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला, आणि ते चित्रण राज्यभर फिरलं. गुन्हा खासदारांवर नोंदला गेला, आणि एका नातेवाइकांच्या तक्रारीवरून अधिष्ठात्यांवरही. उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंत कुणाची चूक किती, हे ठरवायला मी कुणी नाही. पण त्या बातम्यांमध्ये अधिष्ठात्यांच्या हुद्द्याआधी एक शब्द होता, तो माझ्या नजरेतून सुटला नाही. प्रभारी. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ जागची हलले नाही. त्या माणसाच्या जागी मी कधीही असू शकले असते. तो झाडू त्याच्या हातात देणं इतकं सोपं का झालं? कायम डीन असता तर झालंच नसतं, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण ज्या खुर्चीला सरकार स्वतः कंसात लिहितं, तिचा मान बाहेरच्याने का ठेवावा?

आता नव्या कॉलेजांकडे येते. ९ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते एकाच दिवशी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं : मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. सगळी मिळून ९०० जागा. गडचिरोलीच्या मुलीला घराजवळ एमबीबीएस करता येणार असेल, तर माझा आनंद कुणापेक्षा कमी नाही. पण नवं कॉलेज जिल्हा रुग्णालयाला जोडलं की एकाच इमारतीत दोन खाती नांदायला लागतात. सार्वजनिक आरोग्य विभागाचे जिल्हा शल्यचिकित्सक आधीपासून तिथे असतात. वैद्यकीय शिक्षण विभागाचा डीन वरून येतो. खाटा कुणाच्या, सिस्टर्स कुणाच्या, रुग्णवाहिकेच्या डिझेलवर सही कुणाची, शवविच्छेदनाचा अहवाल कुठल्या लेटरहेडवर, इथपासून सुरुवात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला अशाच एका ठिकाणी पाठवलं. तो सांगत होता, पहिले तीन महिने त्याची पाटी लागली नव्हती, कारण पाटी कुठल्या दारावर लावायची यावर दोन खात्यांत पत्रव्यवहार चालू होता. त्या तीन महिन्यांत तो शल्यचिकित्सकांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसून फाईली बघायचा.

शून्यातून कॉलेज उभं करायचं असेल, तर तिथे पहिला डीन पाच वर्षांसाठी द्या. ओळखीचा, जुना, तडफेचा माणूस द्या, आणि त्याला त्याच्या विभागातून मोकळा करा. याउलट चालतं काय? वैद्यकीय आयोगाच्या इन्स्पेक्शनच्या तोंडावर जुन्या कॉलेजांतले अध्यापक प्रतिनियुक्तीवर नव्या कॉलेजांत जातात, मोजणी होते, आणि परत येतात. मीही एकदा अशी बॅग भरून गेले आहे. डीन मात्र मोजणीपुरता असून चालत नाही.

महोदय, आपण विद्यापीठाचे प्र-कुलपतीही आहात म्हणून हा मुद्दा लिहिते. (आपल्या पदातही 'प्र' आहे, पण तो कायद्यातला 'प्र' आहे. आमचा 'प्र.' कंसातला.) १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, त्याआधी मेडिकल कॉलेजं मुंबई, पुणे, नागपूर अशा विद्यापीठांत विखुरलेली होती. आज चारशेहून जास्त महाविद्यालयं नाशिकला जोडलेली आहेत. तिथल्या कुलगुरूंची निवड कशी होते ते आपण जाणताच. जाहिरात निघते, शोध समिती बसते, उमेदवारांना बोलावून त्यांच्याशी बोलते, नावांची यादी कुलपतींकडे, म्हणजे राज्यपालांकडे जाते, आणि नेमणूक पाच वर्षांची होते. २०२१ मध्ये लेफ्टनंट जनरल माधुरी कानिटकर अशाच कुलगुरू झाल्या. लष्कराच्या वैद्यकीय सेवेतून आलेल्या बालरोगतज्ज्ञ, पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या माजी डीन. लष्करात अशा हुद्द्यावर पोचेपर्यंत माणसाला पायरीपायरीने जबाबदारी देऊन तयार केलेलं असतं.

मग जी काळजी कुलगुरूंच्या नेमणुकीत घेता, तिचा दहावा हिस्सा डीनच्या बाबतीत का घेता येऊ नये? विद्यापीठ परीक्षा घेतं, संलग्नता देतं. मुलं शिकतात आणि माणसं बरी होतात ती कॉलेजात. डीन पदाच्या जाहिराती एमपीएससीने काढल्या आहेत, हे मला माहीत आहे, आणि काही चांगली माणसं त्या वाटेने आलीही आहेत. पण जाहिरात, मुलाखत आणि नेमणूक यांत इतका काळ जातो की मध्ये दोन प्रभारी होऊन जातात. निवृत्तीच्या एक वर्ष आधी प्रक्रिया सुरू करा आणि नव्या डीनला शेवटचे दोन महिने जुन्यासोबत बसू द्या. ओटीत आम्ही पाच मिनिटांत जे करतो, त्याला तुम्ही दोन महिने घ्या.

आणि निवडताना फक्त शिकवण्याची वर्षं मोजू नका. मी भूल उत्तम देते, असं माझे सर्जन म्हणायचे. पण डीन ऑफिसात बसले त्या दिवशी मला लेखाशीर्ष म्हणजे काय ते माहीत नव्हतं. वैयक्तिक ठेव खात्यातला पैसा कशावर खर्च करता येतो, हे मी अकाउंट ऑफिसरना विचारलं, आणि ते मला तेवढंच सांगत जेवढं त्यांना सोयीचं होतं. हे शिकवायला काही परदेशी कोर्स नकोत. नाशिकच्या विद्यापीठात दोन आठवडे, एखादा निवृत्त कोषागार अधिकारी, एखादा जुना भांडारपाल आणि एक वकील एवढं पुरे. उप-अधिष्ठाता म्हणून दोन वर्षं काम केलेल्यालाच डीन करायचं, असं ठरवलंत तर हा कोर्सही लागणार नाही.

वैद्यकीय शिक्षण आयुक्त आयएएस असतात, प्रशासन ते बघतील, डीनने शिकवावं, असं एक मत हल्ली ऐकू येतं. एम्समध्ये संचालक, वैद्यकीय अधीक्षक आणि डीन ही कामं वेगळी आहेत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातही संचालक वेगळे, प्राचार्य वेगळे. आपल्याकडे कॉलेज आणि हजार खाटांचं रुग्णालय एकाच माणसाच्या डोक्यावर. ते वेगळं करायला माझी हरकत नाही. पण आधी एक तरी पूर्णवेळ माणूस नेमा, मग त्याचे दोन करा.

वेल्लोरचं नाव निघालं म्हणून आणखी एक. तिथे नर्सिंग कॉलेजला स्वतःची डीन असते आणि रुग्णालयाच्या परिचर्या सेवेची प्रमुख संस्थेच्या वरच्या बैठकीत बसते. आपलं विद्यापीठ 'आरोग्य विज्ञान' म्हणवतं. वैद्यक, दंत, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, फिजिओथेरपी हे सगळं त्यात येतं. कॉलेजात मात्र आरोग्य विज्ञान म्हणजे एमबीबीएस. कॉलेज कौन्सिलच्या मीटिंगला सगळे विभागप्रमुख असायचे, आणि अधिसेविकांना, ज्यांना आम्ही मेट्रन मॅडम म्हणतो, वॉर्डाबद्दल तक्रार असली तरच बोलवायचे. मी त्यांना कायम पहिल्या रांगेत बसवायला सुरुवात केली. फार मोठं काही नाही, एक खुर्ची वाढवली. तीन आठवड्यांत मला जे कळलं ते वर्षानुवर्षं ओटीत उभं राहून कळलं नव्हतं. रात्रीच्या पाळीला एका मेडिसिन वॉर्डात एका सिस्टरकडे बेचाळीस पेशंट होते. गाद्यांचे रेक्झिन फाटल्याने दर पावसाळ्यात वास येतो, आणि गेली चार वर्षं त्याचं मागणीपत्र 'निधी उपलब्धतेनुसार' असा शेरा घेऊन पडून होतं. त्या बाईंनी हे सगळं एका शाळेच्या वहीत लिहून ठेवलं होतं, तारखांसकट. डीन ऑफिसच्या कुठल्याही फाईलपेक्षा ती वही खरी होती. अशा बाईला अधिष्ठाता कार्यालयात अधिकाराचं पद का नसावं? परिचर्येत एमएस्सी, पीएचडी झालेल्या स्त्रिया आज आपल्याच विद्यापीठात आहेत. माझ्या जागी नवे प्रभारी आले, आणि कळलं की मेट्रन मॅडमची खुर्ची पहिल्या मीटिंगपासूनच मागे गेली.

आपल्याकडे मागणं एवढंच. राज्यात किती शासकीय वैद्यकीय, दंत आणि आयुर्वेद महाविद्यालयांत आज पूर्णवेळ अधिष्ठाता आहेत आणि किती ठिकाणी अतिरिक्त कार्यभार आहे, आणि तो किती महिन्यांपासून, याची यादी विभागाच्या संकेतस्थळावर लावा. दर महिन्याला ती अद्ययावत होऊ द्या. यापुढे अतिरिक्त कार्यभाराच्या प्रत्येक आदेशात त्याची शेवटची तारीख लिहिण्याचा शासन निर्णय काढा. 'पुढील आदेश होईपर्यंत' हे तीन शब्द त्या आदेशांतून हद्दपार करा.

आमच्या डीनच्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे सागवानी फळ्यावर आजवरच्या अधिष्ठात्यांची नावं आहेत, पांढऱ्या रंगात, पुढे वर्षं. वरची पाच-सहा नावं ठळक, दोन नावांमध्ये बोटभर मोकळी जागा. खाली खाली अक्षरं बारीक होत जातात आणि नावांपुढे कंस यायला लागतात. माझं नाव लिहायला पेंटर आला तेव्हा तळाशी जेमतेम दोन इंच उरले होते. तो म्हणाला, "मॅडम, नवीन फळा करावा लागेल." मी म्हटलं, मागणीपत्र दे.

त्या केबिनमध्ये आज जे बसतात, तेही प्रभारीच आहेत. त्यांची निवृत्ती येत्या ३१ मे रोजी, मध्यान्होत्तर. सेवापुस्तकात नोंद आहे. कुठल्या कॉलेजात, ते आस्थापना विभागाला एका फोनवर कळेल.

आपली,
एक निवृत्त अधिष्ठाता (प्र.)